अर्धी कात

माझ्या लेकीने, खारूने, पायजमा काढू दिला आणि स्वेटर काढू दिला नाही, खरं तर एवढंच झालं. पाळणाघराची वेळ होत आली होती, दूध अर्धं पेल्यात आणि अर्धं टेबलावर होतं, आणि ही बाई पलंगावर उभी राहून दोन्ही हात छातीशी आवळून मला सांगत होती, "वरचं नाही. वरचं नंतर." गेल्या वर्षीचा स्वेटर तो, धुऊन धुऊन राखाडी झालेला, बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या, आणि छातीवर इतका तंग की त्यात ही श्वास कसा घेते याचीच मला काळजी. त्याच्याखाली एकदम उघडं, फिकट, ताजं पोट, रुंद मांड्या, झोपेची ऊब अजून न गेलेले पाय. वरची मुलगी जुनी, अरुंद, मळकट. खालची नवी, वरचीपेक्षा एक माप मोठी. दोघींच्या मध्ये, स्वेटरच्या काठाशी, एक पायरी. मी रागवायला तोंड उघडलं होतं ते तसंच उघडं राहिलं. ही आकृती माझ्या ओळखीची होती. रोज सकाळी आमच्या प्राणिशास्त्र विभागात शिरताना ती मला भिंतीवर दिसते, काचेमागे, काळ्या शाईत काढलेली, पुढचा भाग अरुंद आणि गडद, मागचा रुंद आणि फिकट, मध्ये पायरी. त्या पायरीवर माझी तीन वर्षं उभी होती.

"अगं, उभी काय राहिलीस? गारठेल ती," सासूबाई दारातून म्हणाल्या. "आणि तुला कितीदा सांगितलं, आधी वरचं काढायचं, मग खालचं. तुझं सगळं उलटं."

"हो आई."

"हो म्हणतेस आणि उलटंच करतेस."

मी खारूला तशीच उचलली, स्वेटरवरच फ्रॉक घातला, स्वेटर गळ्याशी डोकावत राहिला. पाळणाघरातल्या बाई यावर काहीतरी बोलणार हे मला माहीत होतं. त्या बोलल्याच, "आज आईला घाई दिसते," असं खारूकडे बघत, म्हणजे मला ऐकू जाईल अशा बेताने. एरवी हे वाक्य मला दिवसभर चावत राहिलं असतं. त्या दिवशी त्याला जागाच नव्हती.

मी ज्यांच्यावर काम करते ते प्राणी सगळ्यांना दिसलेले असतात आणि नीट कुणीच बघितलेले नसतात. ओली कुंडी उचलली की खाली राखाडी, चपटे, पाठीवर आडवी कौलं घातल्यासारखे, नखाएवढे जीव पळापळ करतात, ते. पायांच्या सात जोड्या. त्यांच्यातले काही हात लावला की गोळी होतात. आपल्या भाषेत त्यांना धड नावसुद्धा नाही. सासूबाई 'तुझे ते किडे' म्हणतात, नवरा पाहुण्यांसमोर 'हिचं पर्यावरणाचं काहीतरी चालू आहे' म्हणतो. ते किडे नाहीतच मुळी. खेकड्या-कोळंबीच्या गोतातले आहेत, पाणी सोडून जमिनीवर राहायला आलेले आणि ओल काही सुटत नाही म्हणून दगडाखाली दडून बसलेले. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर हे मी उत्साहाने सांगत असे. आता कुणी किडे म्हणालं तर मान डोलावते. माझं काम त्यांच्या एका प्रजातीची वर्गवारी लावण्याचं. प्रजाती म्हणजे समजा आडनाव, आणि जाती म्हणजे त्या आडनावाची माणसं. या आडनावाची माणसं पाच, असं आतापर्यंत धरलं गेलं आहे. ती खरोखर पाच आहेत की चार की सहा, कोण कुणाचं सख्खं आणि कोण चुलत, एवढं ठरवलं की माझा प्रबंध झाला, पदवी मिळाली, आणि दर सहामाहीला नव्याने हात जोडायला लावणारी माझी कंत्राटी नोकरी एकदाची कायम झाली. सासूबाईंचे गुडघे, पाळणाघरातल्या बाईंचे टोमणे, नवऱ्याचं 'थोडेच दिवस राहिलेत' हे सगळं त्या एका गोष्टीला टेकून उभं होतं. आणि ती प्रजाती सरांची. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. तरुणपणी कुठल्याशा पडक्या भिंतीखालचा दगड उलटून त्यांनी तो पहिला नमुना उचलला, त्याची ती पायरी बघितली, आणि अशी पायरी दुसऱ्या कुणातच नाही म्हणून नवी प्रजाती केली. तिला बायकोचं नाव दिलं, लॅटिन शेपूट लावून. काकू अजून सांगतात, "लोक बायकोला साडी घेतात. यांनी मला हे दिलं."

आता गोष्ट अशी, की हे प्राणी कात टाकतात ती सापासारखी सबंध टाकत नाहीत. दोन हप्त्यांत टाकतात. आधी मागची अर्धी, मग एखाद-दोन दिवसांनी पुढची अर्धी. मधल्या काळात प्राणी मागून नवा आणि पुढून जुना असतो, मागून फुगलेला, फिकट, आणि पुढून आवळलेला, गडद. हे काही गुपित नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. सर स्वतः शिकवतात, फळ्यावर खडूने दोन रंगांत काढून. आणि त्याच सरांच्या त्या मूळ लेखात एक वाक्य आहे: 'हा फरक कात टाकण्यामुळे आलेला नाही.' कशावरून नाही, ते लिहिलेलं नाही. सरांनी लिहिलं म्हणून पुढच्याने लिहिलं, त्याने लिहिलं म्हणून तिसऱ्याने, आणि माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तेच वाक्य होतं, फक्त मी 'हे सर्वमान्य आहे' एवढं पुढे जोडलेलं. बसथांब्यावर उभी राहून मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. खारूच्या द्राक्षाचे मी चार तुकडे करते, घशात अडकेल म्हणून. ती खोकली तर तो कोरडा खोकला की ओला हे मी बंद दाराआडून सांगू शकते. डॉक्टर मला म्हणतात, तुम्ही जरा कमी बघा तिच्याकडे. आणि जे बघायचा मला पगार मिळतो, ते मी बघितलं नव्हतं. रांगेत पुढे एक गृहस्थ होते, वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात घरातल्या रबरी चपला. त्यांच्यापुढे एक मुलगी, केसांची टोकं सोनेरी आणि मुळं काळी. जो तो मधेच कुठेतरी निम्मा होता. मला त्या सगळ्यांचा राग आला, कारण नसताना, आणि बस आली तेव्हा मी चढायची विसरले.

विभागात कोळीवाला एकटाच होता. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं. आमच्याकडे प्रत्येकाला ज्या त्या प्राण्यावरून ओळखतात, तसा हा कोळ्यांवर काम करतो म्हणून कोळीवाला. माझं नाव गोळीवाली. खोलीला तोच वास होता, स्पिरिट, जुना पुठ्ठा आणि कुणीतरी खिडकीत विसरलेलं संत्र्याचं साल. मी माझं कपाट उघडलं आणि बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडत गेले. "आज काय, प्रदर्शन आहे?" तो म्हणाला. मी म्हटलं, "तू कधी तुझा कोळी जिवंत बघतोस का रे?" तो हसला. "कशाला? जिवंत असला की पळतो. पाय मोजता येत नाहीत." आमच्या धंद्याची हीच तर रीत. दगड उलटायचा, चिमटा घालायचा, थेट स्पिरिटात. प्राणी तिथे ज्या घटकेला होता त्याच घटकेत कायमचा राहतो, आणि ती घटका म्हणजेच तो, असं आपण धरून चालतो. त्याहून वाईट गोष्ट मला बाटल्या मांडताना आठवली. एका दगडाखाली शंभर-दीडशे जीव निघतात. त्यातले पायरी नसलेले आम्ही 'सामान्य' म्हणून तिथेच सोडून देतो, आणि पायरी असलेले दोन-तीन निवडून आणतो, कारण आमची प्रजाती ती. तीन वर्षं मी हेच केलं. माझ्या आधीच्यांनी हेच केलं. म्हणजे आम्ही काय करत होतो, तर न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून, ओल्या केसांची माणसं तेवढी मोजून, ओल्या केसांच्या लोकांचा एक वेगळा वंश असतो असं लिहीत होतो.

आणि ते पांढरे डाग. या प्राण्यांच्या पोटाशी, पुढच्या खवल्यांवर, कधीकधी खडूसारखे पांढरे ठिपके असतात. सरांची शिकवण अशी, की ते कुंडीच्या आणि भिंतीच्या चुन्याचे डाग, चित्र काढायच्या आधी पातळ व्हिनेगरात बुडवलेल्या कुंचल्याने ते पुसायचे. किती हळू हाताने पुसायचे तेही सरांनी शिकवलं होतं, माझा हात धरून. बारीक बुडबुडे यायचे आणि पोट स्वच्छ व्हायचं. आता ते बुडबुडे मला आठवले आणि कपाळात कळ गेली. कात टाकायच्या वेळी हा प्राणी अंगातला चुना वाया जाऊ देत नाही. जुन्या कवचातून तो काढून घेतो आणि पुढच्या अर्ध्या पोटाशी पांढऱ्या चकत्यांसारखा साठवून ठेवतो, नवं कवच घट्ट करायला. हेही पुस्तकात आहे. म्हणजे ज्या एका खुणेवरून ओरडून कळलं असतं की हा प्राणी कपडे बदलतो आहे, ती खूण आम्ही पिढ्यानपिढ्या काळजीपूर्वक पुसत आलो होतो. गेल्या महिन्यात आणलेल्या चार बाटल्या अजून साफ करायच्या राहिल्या होत्या, खारू आजारी होती म्हणून. मी त्यातला एकेक काढून उताणा केला. चौघांच्याही पोटाशी चकत्या. मी कोळीवाल्याला भिंगाशी बसवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग डोळा न उचलता म्हणाला, "अरे बापरे."

"काय अरे बापरे? बोल ना."

"काही नाही. डाग असतील."

"डाग चारही जणांच्या पोटावर अगदी त्याच जागी पडतात?"

"हे बघ," तो म्हणाला, "तू हे आज बघितलंच नाहीस. आधी प्रबंध दे. पदवी घे. नोकरी कायम होऊ दे. मग दोन वर्षांनी एक छोटासा लेख लिही, शंका उपस्थित होते वगैरे. सगळे असंच करतात."

"आणि तोवर?"

"तोवर काय? त्या प्राण्यांना काही फरक पडतो का?"

हे त्याचं बोलणं इतकं शहाणपणाचं होतं की मला त्याच्या अंगावर व्हिनेगर फेकावंसं वाटलं. नमुन्यांच्या डब्यात एका कोपऱ्यात माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती, 'मादी, अनिश्चित'. आमच्या या प्राण्यांची जात नरावरून ठरते, पोटाखालच्या एका बारीक अवयवाच्या आकारावरून, माद्या सगळ्या सारख्याच दिसतात म्हणून त्यांना एकत्र डब्यात टाकायचं. त्या माद्या पोटाखाली पाण्याची पिशवी घेऊन फिरतात, पिल्लं त्या पिशवीत वाढतात, समुद्र सोडला तरी घोटभर समुद्र बरोबर ठेवल्यासारखा. खारूच्या वेळी सातव्या महिन्यात मी त्या माद्यांकडे बघत बसायची आणि कुणाला दिसू नये म्हणून भिंगाचा दिवा बंद करायची. आता त्या चिठ्ठीचासुद्धा मला वैताग आला. इतकी वर्षं इतकं बघून आम्हाला काय निश्चित कळलं होतं?

घरी येताना विभागाच्या मागच्या आवारातल्या कुंड्या उलटून मी पायरी असलेले दोन जिवंत प्राणी उचलले, खारूच्या खाऊच्या रिकाम्या डब्यांत एकेक घातला, खाली ओला कापूस, वर कुजकं पान, झाकणाला सुईने भोकं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायच्या आधी मी ते डबे बाहेरून साबणाने दोनदा पुसले, हातही दोनदा धुतले. तरी सासूबाईंनी बघितलेच. "हे आता घरात?" त्या म्हणाल्या. "लेकरू आहे घरात." मी म्हटलं, "आई, काही चावत नाहीत ते." "चावत नाहीत म्हणून काय जेवायला बसवायचे?" यावर मला हसू आलं असतं, पण त्यांनी लगेच पुढे विचारलं, "आणि ते तुझं संपतंय ना या उन्हाळ्यापर्यंत? माझं आता जिना चढणं होत नाही गं, तिला कडेवर घेऊन." मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर मी त्या खिडकीतल्या डब्यांकडे बघत राहिले. हो म्हणायच्या आधी मी बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी खारू तिच्या उंच खुर्चीत बसून उकडलेला बटाटा केसांना लावत होती आणि मी एक डोळा तिच्या घशावर आणि एक डोळा डब्यावर ठेवून होते. मोठा जो होता तो सकाळपासून हलला नव्हता. मेला असं वाटून मी झाकण काढलं, तेव्हा त्याच्या अंगातून एक आकडी गेल्यासारखी झाली, पुढची गडद कौलं एकदम पातळ, पांढरट, कागदी झाली, आणि त्यातून तो मागे सरकला. अंगातून चोळी काढावी तसं. हात आधी, डोकं शेवटी. मग तिथेच वळून त्याने ती काढलेली अर्धी कात शांतपणे खायला घेतली. मी भिंग लावलं. पायरी नव्हती. पुढून मागून एकसारखा, कुठेही दिसेल असा, ज्याला मी तीन वर्षं 'सामान्य' म्हणून सोडून देत आले तोच. मला वाटलं होतं की असं काही आपल्या डोळ्यांनी दिसलं तर माणसाला आनंद होतो. मला रडायला येईल इतका वैताग आला. म्हणजे यासाठी मी पावसाळे न् उन्हाळे लोकांच्या परसात वाकत होते. यासाठी खारूला तापात सोडून परिषदेला गेले, तिथे सहा लोकांसमोर पायरीच्या कोनावर बोलले, आणि सहाही जणांनी माना डोलावल्या. खारू म्हणाली, "जेवतो?" मी म्हटलं, "हो, जेवतो." "काय?" मी म्हटलं, "स्वतःचे कपडे." तिला ते पटलं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो मोबाइल बाजूला ठेवून नीट ऐकत होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "मग आता?" त्याने विचारलं.

"आता काही नाही. प्रजातीच नाही, तर पाच जाती कुठल्या? सगळं त्या सामान्यात जाणार."

"आणि पदवी?"

"नव्याने. सरांनी मान्य केलं तर. नाही केलं तर दुसरे सर शोधायचे, आणि दुसरे सर या सरांना दुखवणार नाहीत."

तो अगदी मनापासून म्हणाला, "तू कशाला बघत बसलीस गं त्याच्याकडे?"

माझं लग्न या माणसाशी झालं तेव्हा बघत बसणं हेच त्याला आवडलं होतं, बागेत, पुलावर, कुठेही, 'तू किती टक लावून बघतेस' म्हणायचा. आणि त्याचं म्हणणं चूकही नव्हतं. सगळ्यांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, त्याचाच तर मला ताप होत होता. कुणीतरी एकाने तरी धडधडीत चुकीचं बोलावं, म्हणजे भांडता येईल, असं मला झालं होतं. सरसुद्धा वाईट नाहीत. खारूच्या वेळी मला सुट्टी मिळेना तेव्हा त्यांनी स्वतः कचेरीत तासभर उभं राहून ती मिळवली होती. खारू झाल्यावर भेटायला आले ते भिंग घेऊन, तिची नखं बघायला. "केवढी व्यवस्थित," म्हणाले होते.

सोमवारी दुपारी मी खारूला पाळणाघरात सोडून सरांच्या घरी गेले, पिशवीत दोन डबे घेऊन. एकात बदलून झालेला, दुसऱ्यात अजून पायरीवर असलेला. काकूंनी दार उघडलं. "ये. कुणाला आणलंस? माझ्या नावाच्या कुणाला असेल," त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या. सर खिडकीपाशी बसले होते, गुडघ्यांवर शाल, समोर टेबलदिवा, चष्म्यावर चष्मा. मी पाठ करून आले होते तसं बोलले नाही. डबे त्यांच्यासमोर ठेवले आणि जे बघितलं ते सांगितलं, चकत्यांचं, व्हिनेगरचं, खिडकीतल्या दुपारचं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. बदललेल्या प्राण्याकडे भिंगातून बराच वेळ बघितलं. मग भिंग खाली ठेवून ते इतक्या शांतपणे बोलले की मला क्षणभर तेच खरं वाटलं.

"हा आपला नव्हेच."

"सर, याला पायरी होती. परवा होती."

"होती ना? आणि गेली. ज्याची पायरी जाते तो आपला नव्हे. आपल्याची जात नाही."

"मग न जाणारा कुणी बघितलाय, सर?"

"कपाटात आहेत की. भरपूर आहेत."

"ते स्पिरिटात आहेत. त्यांची कशी जाणार?"

काकू पाण्याचा पेला हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. सर भिंतीकडे बघत होते. तिथे विभागातल्या त्या चित्राची दुसरी प्रत होती, लहान, लाकडी चौकटीत. ओळी काय सुरेख होत्या. प्रत्येक खवल्याचा काठ, त्याच्यावरची बारीक लव, पायरीच्या सावलीतले ठिपके. त्यांनी जे बघितलं ते अगदी तसंच होतं, यात तिळमात्र खोटं नव्हतं, फक्त ते दुसऱ्या दिवशी बघितलं नव्हतं. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण चीडच जास्त आली, की एवढे डोळे असलेल्या माणसाने एक दिवस थांबायला काय हरकत होती. आणि मी तरी कुठे थांबले होते? "तुझा प्रबंध तयार आहे," सर म्हणाले. "दोन प्रकरणं टंकायची राहिलीत. जागा कायम होतेय. लेकरू लहान आहे तुझं. तू हे सगळं आता, या वळणावर, का करतेस मला कळत नाही."

"मलाही कळत नाही, सर. पण पहिल्या प्रकरणातलं ते वाक्य मला आता लिहिता येत नाही. आणि ते काढलं की पुढचं काहीच उरत नाही. मी उलटं लिहिणार आहे. प्रजाती रद्द, म्हणून."

"मग मार्गदर्शक म्हणून माझं नाव राहणार नाही."

"बरं, सर."

ते 'बरं' माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मीच दचकले. सासूबाईंचा जिना, सहामाहीचं हात जोडणं, आणखी दोन वर्षं, कदाचित तीन, सगळं त्या एका शब्दात होतं आणि तो बोलून झाला होता. मी उठले. पाणी प्यायचं राहिलं. पिशवी उचलली तेव्हा ती हलकी लागली, पण मागे वळून सरांसमोरचे डबे उचलावेत एवढा धीर माझ्यात नव्हता.

काकू जिन्यापर्यंत आल्या. दार पुढे ओढून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "पुसून टाकतात का गं नाव? असं रद्द झालं की?"

"नाही काकू. एकदा दिलेलं नाव पुसत नाहीत. ज्याच्यात मिळवलं त्याच्या नावाखाली लिहून ठेवतात. हेही एक याचंच नाव होतं, असं. कायम राहतं."

काकूंनी जरा विचार केला. "म्हणजे आमचं लग्नानंतर करतात तसंच की," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. मला वाटलं आता काहीतरी बोलावं, माफी किंवा तसलं काही, आणि मी मुकाट्याने एक पायरी उतरले. तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला, घसा साफ करून काढलेला, काकूंच्या नावाने हाक. "अगं, गेली का ती? तिला विचार, हा कापूस ओला किती ठेवायचा?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी निरोप न्यायची वाट न बघता मी जिन्यातूनच मोठ्याने सांगितलं, "बोट लावून कळेल इतपतच, सर. पाणी साचू द्यायचं नाही. उन्हात नको. आणि वेळ लागतो त्याला, एखादा दिवस, कदाचित दोन. मधे हात लावू नका."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बहुतेक खिडकीतल्या उन्हापासून लांब.

"आणि सर," मी म्हटलं, "स्पिरिटात टाकू नका."

पाळणाघर बंद व्हायची वेळ होत आली होती, म्हणून निघाले.